बागेवरचे हवालदार

घरत हवालदार दर रविवारी सकाळी माझ्या नर्सरीत यायचे आणि काहीही विकत न घेता परत जायचे.

माझी नर्सरी नवीन पनवेलात, जुन्या हायवेला लागून आहे. रोपं विकण्यापेक्षा ती भाड्याने देण्यावर माझा संसार चालतो. लग्नाचे हॉल, दुकानांची उद्घाटनं, पुढाऱ्यांची व्यासपीठं, सगळीकडे माझ्याच अरेका पामच्या कुंड्या दोन दिवस उभ्या राहून परत येतात. गिऱ्हाइकं येतात ती पानं कुरवाळतात, गुलाबाबरोबर फोटो काढतात. हवालदारांनी कधी पानाला बोट लावलं नाही. ते आधी फाटकाचं कुलूप हिसका देऊन बघायचे. मग हातातल्या काठीने शेडनेटचा एकेक बांबू ठोकत आत यायचे. तुरुंगात म्हणे खिडक्यांचे गज असे रोज ठोकून बघतात, कापलेला गज आवाजावरून कळतो. माझे बांबू कापून पळून जाण्यात कुणाला रस असेल असं मला वाटत नाही, पण ठोकून झाल्याशिवाय हवालदारांना चहा गोड लागायचा नाही.

चहा घेताना ते कुंड्यांच्या रांगेकडे बघत राहायचे. एकदा मला म्हणाले, "ती तिकरची भायेर आलीय."

"कुंडी आहे हवालदार. पाणी घालताना सरकली असेल."

"सुरवात अशीच व्हते," ते म्हणाले, आणि मी उठून कुंडी आत सरकवेपर्यंत त्यांनी कप खाली ठेवला नाही.

ते मूळचे गव्हाणचे. आगरी बोलणं शहरात राहूनही सुटलं नव्हतं. ‘ळ’ म्हणायची वेळ आली की जीभ ‘ल’वरच थांबायची. सगळी नोकरी तुरुंगात झाली, राज्यातल्या चार-पाच ठिकाणी. आणि कुठेही बदली झाली तरी त्यांना द्यायचे ते बागेवर. तुरुंगातल्या शेतीवर आणि बागेत काम करणाऱ्या कैद्यांची एक टोळी असते, तिच्यावर पहारा. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी वांगी, कोबी आणि शेवंतीच्या सहवासात काढली होती. त्यामुळे मी सुरुवातीला त्यांना थोडा घाबरून होतो. वाटायचं, आता हे माझ्या चुका काढणार. एके दिवशी मीच विचारलं, "हवालदार, शेवंतीवर मावा पडला तर तुमच्याकडे काय मारायचे?"

"मना काय म्हाईत?" ते म्हणाले. "मी आयुष्यात एक झाड लावला नाय. लावून घेतली."

"एकही नाही?"

"काठी खाली ठेवली तर नोकरी गेली. काठी हातात, मंग माती कंच्या हातात घेनार?"

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

माणूस दिसायला मात्र भयंकर होता. रंग काळा, मान बैलासारखी, मिशा ओठ झाकणाऱ्या, डोळे कायम लाल. डाव्या भुवईवर एक आडवा व्रण होता. तो लहानपणी होडी ओढताना दोर तुटून बसलेला. पण बघणाऱ्याला ते कसं कळणार? रिक्षावाले त्यांच्याशी सुट्या पैशांवरून वाद घालत नसत. बँकेत ते रांगेत उभे राहिले की पुढचे लोक आपणहून वळून बघायचे आणि पिशव्या छातीशी धरायचे. नोकरीभर ज्यांनी चोरांना सांभाळलं, त्यांच्यापासूनच लोक पाकिटं सांभाळत.

त्यांच्या सोसायटीत मी एकदा कुंड्या पोचवायला गेलो आणि थक्क झालो. चार इमारतींच्या मधल्या चौकात काय बाग होती! चाफा, जास्वंद, पपई, कढीलिंब, भिंतीला लावलेली अळूची रांग. माळी कोण म्हणून विचारलं तर वॉचमन हसला. माळी नव्हताच. बाग हवालदारांनी शिक्षेवर उभी केली होती. मुलांनी क्रिकेटमध्ये काच फोडली की त्यांनी एक झाड लावायचं आणि वर्षभर पाणी घालायचं. गाडी दुसऱ्याच्या जागेत लावली, लिफ्टमध्ये थुंकलं, मध्यरात्री फटाके वाजवले, सगळ्याला तीच शिक्षा. सोसायटीच्या मिटिंगमध्ये असा काही ठराव झाला नव्हता. हवालदार दारात येऊन उभे राहायचे, एवढंच. प्रत्येक झाड गुन्ह्याच्या नावाने ओळखलं जाई. एका बाईंनी मला कौतुकाने दाखवलं, "हा काचेचा चाफा. ही पार्किंगची जास्वंद, आमच्या चेअरमनची. आणि ती पपई थुंकण्याची आहे, पण गोड लागते हो."

हवालदार बाकावर काठी घेऊन बसलेले. पाणी घालणाऱ्या चेअरमनकडे त्यांचं लक्ष होतं, जास्वंदीकडे नव्हतं.

अशा माणसाला सिनेमात नेण्याचं पाप माझं.

त्याचं असं झालं. तळोज्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात सिनेमाचं शूटिंग लागलं. कारखान्याची उंच भिंत, लोखंडी फाटक, एका रांगेतल्या खोल्या. कलाविभागाने थोडा राखाडी रंग मारला आणि तुरुंग तयार झाला. सिनेमा विनोदी होता. गोष्ट दिग्दर्शक निशांतने मला स्वतः सांगितली. सहा कैदी पळून जाण्यासाठी बोगदा खणायला घेतात. निघालेली माती कुठे टाकायची, म्हणून बाग करायची परवानगी मागतात. माती निघते चांगली, बाग अशी काही फुलते की शेवटी बोगदा खणायला कुणालाच वेळ राहत नाही. निशांत तिशीतला, भला मुलगा. स्वतःच्या गोष्टीला तो स्वतःच पोट धरून हसायचा.

त्याला बाग हवी होती, तीही निरनिराळ्या वाढीची. म्हणून मी टेम्पो भरभरून रोपं नेऊन टाकत होतो. तळोज्याच्या हवेत माझी रोपं तिसऱ्या दिवशी पिवळी पडायला लागली. कलाविभागाने त्यावर तोडगा काढला आणि माझ्या तगरीला हिरवा रंग फवारला. मी गप्प बसलो. भाडं रंगीत तगरीचंही तेवढंच होतं.

निशांतला तुरुंगाची खरी माहिती सांगणारा माणूस पाहिजे होता. माझ्या तोंडून हवालदारांचं नाव निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी हवालदार माझ्या शेजारी टेम्पोत बसले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि चकाकते बूट घालून. सेटवर उतरल्या उतरल्या त्यांनी फाटकाच्या कुलपाला हिसका दिला. कुलूप प्लास्टिकचं होतं, हातात आलं.

"कसला ह्यो तुरुंग," ते म्हणाले.

मग त्यांनी कपड्यांच्या खोलीत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे पाहिले. "पट्टे कवाच गेले," त्यांनी निशांतला सांगितलं. "आता बंद्याला सफेत कापड असतो."

"माहितेय काका. पण पट्ट्यांशिवाय लोकांना कैदी वाटणार नाही," निशांत म्हणाला. बोलता बोलता त्याचे डोळे हवालदारांच्या चेहऱ्यावर थांबले. त्याने कलाकार निवडणाऱ्या मेघनाला हाक मारली. दोघं थोडं मागे सरले, मान वाकडी करून हवालदारांना न्याहाळू लागले, जसं गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन एखादं बोन्साय न्याहाळतं.

"काका, आमचा एक कैदी कमी पडलाय," मेघना म्हणाली. "संवाद फार नाहीत. पण चेहरा... म्हणजे तुम्हाला मेकअपसुद्धा लागणार नाही."

हवालदारांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांच्या मिशा हलल्या. "बाई, मी जेल पोलीस हाय. रिटायर झालोय. मना जेलरचा काम द्या, करतो."

"जेलर आहे ना आमच्याकडे. आजच मिळालाय. काय भारदस्त माणूस आहे! गोरा, शांत, पांढरे केस, आवाज असा की ऐकत राहावं. अगदी सज्जन."

तेवढ्यात तो सज्जन माणूस कपड्यांच्या खोलीतून बाहेर आला. अंगावर खाकी, खांद्यावर चांदण्या, डोक्यावर टोपी. त्याने हवालदारांना पाहिलं. क्षणात टोपी काढून काखेत धरली, टाचा जुळवल्या, नजर जमिनीवर नेली आणि म्हणाला, "नमस्कार, साहेब."

सगळं युनिट हसलं. त्यांना वाटलं, जेलर गंमत करतोय. निशांत तर टाळ्या वाजवायला लागला, "हे आपण सिनेमात घ्यायचं! जेलर कैद्याला साहेब म्हणतो!"

हवालदार हसले नाहीत. ते थोडा वेळ त्या माणसाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "केलकर, टोपी घाल डोक्यात." आणि वळून कपड्यांच्या खोलीत गेले. बाहेर आले ते पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घालून.

संध्याकाळी परतताना कळंबोलीच्या पुलाखाली ट्रक अडकला होता. टेम्पो जागचा हलत नव्हता. तेव्हा त्यांनी मला केळकरांबद्दल सांगितलं.

केळकर आपट्याचे. पाताळगंगेच्या काठी घर, थोडी वाडी. वाडीच्या बांधावरून चुलतभावाशी वाद होता. एके दुपारी भांडण हातघाईवर आलं, केळकरांच्या हातात कोयता होता आणि भाऊ जागीच गेला. जन्मठेप झाली. "वकिलानं सांगितला, बोल की त्यानंच आधी हात उचलला. तर ह्यो बोल्ला, नाय, मीच उचलला. असला मानूस." तुरुंगात ते बागेच्या टोळीत आले, हवालदारांच्या ताब्यात. कुणाशी बोलायचे नाहीत. कोपऱ्यातल्या एका वाफ्यात त्यांनी शेवंती लावली होती. पिवळी. साहेबांच्या टेबलावर, सणाला देवळात, सगळीकडे त्यांचीच फुलं जायची.

"मंग एक दिवस वरून आर्डर आली. बागेत कोनी मोबाईल पुरून ठेवलाय. झडती घ्या." हवालदार समोरच्या ट्रकच्या पाठीकडे बघत होते. "मी टोली लावून सगली बाग खनून काडली. केलकरचा वाफा बी. फुलावर आलेला. त्याच्यासमोर."

"मोबाईल मिळाला?"

"मिलाला. भटारखान्यात. पिठाच्या डब्यात."

पुढचा ट्रक हलला. मी गाडी पुढे घेतली.

"तो काय बोल्ला नाय. दुसऱ्या दिवशी अर्ज केला, मना बागेतून काडा, चक्कीवर टाका. सुटेपरयंत पीठ दलत बसला. परत मातीला हात लावला नाय."

आता केळकर आपट्याला बहिणीकडे राहतात आणि पिठाची गिरणी चालवतात, हे मला सेटवरच कळलं होतं. दळण ते चक्कीवरच शिकले असणार. तिथेच गिरणीच्या दारात कुणीतरी त्यांना सिनेमासाठी हेरलं. केसांवर पीठ असल्यामुळे ते आणखीच भारदस्त दिसत असावेत.

"पण तुम्ही कैद्याचं काम का घेतलंत?" मी विचारलं. "अपमान वाटला नाही?"

"वाटला ना." हवालदारांनी पट्ट्यांचा सदरा घडी घालून मांडीवर घेतला होता; तो परत करायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगूनही त्यांनी ऐकलं नव्हतं. "पन तो तिकरं एकटा हाय. इतकी मानसा, लायटी, आरडाओरड. त्याला सवय नाय. बंदी माजा हाय तो. त्याच्यावर कोन लक्ष ठेवनार?"

पुढचे दिवस मी रोपं पोचवण्याच्या निमित्ताने तिथेच रेंगाळू लागलो. हवालदार कैदी म्हणून वाईट होते. रांगेत उभे राहिले की बाकीच्या कैद्यांना सरळ करायचे. नायक भिंतीवर चढण्याचा सराव करत होता, तर ह्यांनी त्याचा पाय धरून खाली ओढला आणि कॅमेरा चालू आहे हे विसरून त्याला दम दिला. निशांत खूश होता. केळकर मात्र जेलर म्हणून अगदीच मऊ. ओरडायचं असेल तिथे त्यांचा आवाज विनंतीसारखा यायचा. दोघं एकमेकांशी कामापुरतंही बोलत नव्हते. जेवताना केळकर बसेपर्यंत हवालदार उभे राहायचे. आणि हवालदार बसल्याशिवाय केळकर बसायचे नाहीत. शेवटी दोघंही उभ्याने जेवायचे.

एक दिवस मी बघितलं, हवालदारांनी आपल्या डब्यातली वाटीभर सुकट टेबलावर केळकरांच्या बाजूला सरकवली. केळकरांनी ती नाकापर्यंत नेली, हळूच खाली ठेवली आणि म्हणाले, "अजून खात नाही, साहेब."

"अजून?" हवालदार म्हणाले. "एवढी वरसं आत काडलीस, तरी?"

केळकर हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

मग झडतीचा प्रसंग आला. सिनेमाच्या मध्यावर जेलरला बोगद्याचा संशय येतो आणि तो कैद्यांची बाग उखडून टाकतो. कैदी गुडघ्यावर बसून बघतात. विनोद असा की बोगदा सापडतच नाही, पण जेलरच्या बुटाला एक कोबी अडकतो. मी आदल्या दिवशी झेंडू, कोबी, मेथी आणि, निशांतला पिवळा रंग हवा म्हणून, शेवंतीची रोपं टाकून आलो होतो. शेवंती मी टाकली ती जाणूनबुजून नव्हे. माझ्याकडे पिवळ्यात तीच शिल्लक होती. ती वाफ्यात लागलेली पाहिली तेव्हा मात्र मला केळकरांचा वाफा आठवला.

हवालदारांनी ती पाहिली. केळकरांनीही. निशांत दोघांना समजावत होता, "केळकर काका, इथून चालत यायचं आणि सगळं तुडवायचं. मजा आली पाहिजे."

केळकर म्हणाले, "मला नाही जमणार."

"अहो, खोटं आहे सगळं!"

"रोपं खरी आहेत."

निशांतने माझ्याकडे बघितलं, जणू खरी रोपं आणणं ही माझी चूक होती. सगळे खोळंबले. दिवे तापत होते. तेव्हा गुडघ्यावर बसलेले हवालदार बोलले. आवाज चढवून नाही. पण त्या आवाजाने बागेत कित्येक वर्षं माणसं हलली होती.

"केलकर. आर्डर हाय ना?"

केळकरांनी शेवंतीकडे पाहिलं.

"मना बी व्हती. मी केला का नाय? तुज्या डोल्यासमोर केला. आता मी बसलोय खाली. कर."

केळकरांनी टोपी नीट केली. कॅमेरा सुरू झाला. ते आले, पहिलं पाऊल झेंडूवर पडलं, जरा चाचरत. दुसरं मेथीवर. आणि मग त्या सत्तरीच्या, विनंतीच्या आवाजात बोलणाऱ्या माणसाला काय झालं कुणास ठाऊक. ते शेवंतीच्या वाफ्यात शिरले आणि नाचल्यासारखे तुडवू लागले. मुळासकट रोपं उपटून भिंतीवर फेकली. निशांत "कट" म्हणाला, परत म्हणाला, ओरडला. केळकर थांबले नाहीत. टोपी पडली, चष्मा पडला. तोंडातून शब्द नव्हता, नुसता श्वास. नायक घाबरून मागे सरकला. हवालदार तेवढे जागचे हलले नाहीत. गुडघ्यावर, हात मांडीवर, समोर बघत. एक ढेकूळ येऊन त्यांच्या छातीवर आपटलं, तरी त्यांनी ते झटकलं नाही.

तुडवण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा केळकर थांबले. धापा टाकत हवालदारांसमोर उभे राहिले.

"झाला?" हवालदारांनी विचारलं.

"झालं, साहेब."

"बरा वाटला?"

केळकरांनी विचार केला. प्रामाणिक माणूस, कोर्टातसुद्धा त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. "हो," ते म्हणाले. "वाटलं."

"मंग चष्मा उचल. पाय पडंल."

सेटवर कुणाला काही समजलं नाही. निशांतने कॅमेऱ्यात दृश्य परत बघितलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "भारी आहे. पण हसू येत नाहीये. परत घेऊ." परत घ्यायचं म्हणजे बाग परत लावायला हवी. कलाविभागाची माणसं जेवायला गेली होती. मी टेम्पोतून उरलेली शेवंती काढली आणि लावायला बसलो. थोड्या वेळाने केळकर शेजारी येऊन बसले. खाकी विजारीसकट मातीत. एक रोप घेतलं, खड्डा केला, लावलं, दाबलं. दुसरं घेतलं. त्यांची बोटं काही विसरलेली नव्हती.

हवालदार बाजूला उभे होते, सवयीप्रमाणे. आज हातात काठी नव्हती. कैद्याला काठी देत नाहीत. ते रिकामे हात त्यांना कुठे ठेवावेत कळत नव्हतं. पाठीमागे घेतले, पुढे घेतले. मग हळूहळू, गुडघे मोडत, तेही खाली बसले. एक रोप उचललं, चोराची मानगूट धरावी तसं.

"मानेला नका धरू, साहेब," केळकर म्हणाले. "खाली, मातीच्या गोळ्याला धरा."

"असा?"

"असं."

त्यांचं पहिलं रोप वाकडं लागलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता रांग सरळ करायला सांगणार. पण त्यांनी तळहात पँटला पुसले, मग परत उघडून बघितले, आणि दुसरं रोप घेतलं.

दृश्य पुन्हा घेतलं गेलं. ह्या वेळी केळकरांनी व्यवस्थित, सांगितलं तेवढंच तुडवलं आणि बुटाला कोबी अडकला. निशांत पोट धरून हसला.

पुढच्या रविवारी हवालदार माझ्याकडे आले नाहीत. त्याच्याही पुढच्या नाहीत. त्यांची सून बाजारात भेटली, म्हणाली, "बाबा आपट्याला जातात हो आता, एसटीने. त्यांच्या कोण मित्राकडे. येताना पीठ घेऊन येतात. घरात पीठ ठेवायला जागा नाही." माझ्या बांबूंवर आता कुणी काठी ठोकत नव्हतं आणि कुंड्या वाटेल तशा सरकत होत्या. मी एकदा उगाचच उठून रांग नीट केली.

सिनेमा लागला तेव्हा सोसायटीने मॉलमध्ये अर्धं थिएटर भरलं. काचेचा चाफा लावणारी मुलं आता मिशा फुटलेली होती, तीही आली. केळकर आले नाहीत. गिरणी बंद ठेवता येत नाही म्हणाले. पडद्यावर हवालदार दोनदा दिसले, एकदा पाठमोरे. त्यांनी नायकाचा पाय ओढला तो प्रसंग होता, पण पाय ओढणारा हात कुणाचा हे कळत नव्हतं. केळकरांना दुसऱ्याच कुणाचा करडा आवाज दिला होता. झडतीच्या प्रसंगात कोबी अडकलेला तेवढा ठेवला होता. लोक खूप हसले. चेअरमन हसून हसून रडले. शेवटी नावं सुरू झाली, दिवे लागले, सगळे पॉपकॉर्नचे डबे शोधत उठले. आणि त्या नावांच्या मागे, एका कोपऱ्यात, कॅमेरामनने कुणाला न सांगता टिपलेलं एक छोटं दृश्य होतं. खाकीतला एक म्हातारा आणि पट्ट्यांमधला एक म्हातारा, शेजारी शेजारी बसून रोपं लावतायत. कुणी बघितलं नाही. लोक समोरून जात होते, डोकी मध्ये येत होती.

हवालदार खुर्चीतच बसले होते. मी विचारलं, "पहिला झडतीचा प्रसंग काढून टाकला. वाईट वाटलं?"

"नाय. काडला ता बरा झाला," ते म्हणाले. "तो पिक्चरचा नवताच. आमचा व्हता."

त्यानंतर वर्षाच्या आतच ते गेले. झोपेत गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी महिनाभर.

गव्हाणजवळ एका नव्या मोठ्या वसाहतीत माझ्या कुंड्या पोचवायच्या होत्या. फाटकावर टेम्पो थांबवला तर पुढे हवालदार उभे. पायात साध्या चपला, हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या तोंडलीच्या फांद्या. त्यांच्या वडिलांची भातखाचरं तिथेच कुठेतरी होती. आता वर बावीस मजले होते. फाटकावरचा गार्ड, मध्यमवयीन, परप्रांतातला, मान हलवत होता. "अंदर नहीं जा सकते, चाचा. ऑफिस से परमिशन लाओ."

"पाच मिन्टाचा काम हाय. भिंतीच्या बाजूला लावतो नि जातो."

"नियम नहीं है."

मला वाटलं, आता भडकणार. पण हवालदारांनी त्याला खालून वरपर्यंत पाहिलं, त्याचा खांद्यावरचा पट्टा जरा फिरलेला होता तो बोटाने सरळ केला, आणि म्हणाले, "बराबर किया. किसी को छोडनेका नाय." मग ते वळले आणि भिंतीच्या कडेकडेने चालत गेले.

कुंड्या उतरवून मी बाहेर आलो तेव्हा ते रस्त्याच्या बाजूने, भिंतीच्या बाहेरून, पायथ्याशी उकिडवे बसले होते. बोटांनी माती उकरत होते. मधूनच मान वर करून रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघत होते, कुणी येतंय का. नोकरीभर माणसांना ज्या नजरेने बघताना त्यांनी पकडलं असेल, नेमकं तसंच. मी टेम्पो हळू केला आणि काच खाली घेतली.

"हवालदार, चला. पनवेलला सोडतो."

त्यांनी दचकून पाहिलं. मी आहे कळल्यावर हसले. दोन्ही हात कोपरापर्यंत मातीचे होते. एक फांदी त्यांनी खोचली, माती दाबली, आणि तिचं टोक भिंतीच्या दिशेने कलतं केलं.

"जावा तुमी," ते म्हणाले. "मना वेल लागंल."

वेळ म्हणाले की वेल, मी विचारलं नाही. त्यांच्या बोलीत दोन्हीला एकच शब्द आहे.